गालावरची खूण

ज्वारीची काढणी उरकली, की आमच्या मैंदर्गीच्या शिवारात मेंढरं बसायला येतात. कळप रात्रभर वावरात बसतो, लेंडीखत जमिनीला मिळतं आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य नाहीतर पैसे. यंदा आमच्या रानात बसलेल्या कळपात दीडशेच्या वर मेंढरं होती. दख्खनी जातीची, काळी, माना खाली घालून एकमेकांना चिकटून उभी राहणारी. मला त्यातलं एकही दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नव्हतं. कळपाचे मालक वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्यांना विचारलं, ‘‘मामा, ह्यातलं एखादं दुसऱ्याच्या कळपात शिरलं तर वळखता कसं ओ?’’

‘‘गुरुजी, तुमच्या वर्गात पन्नास पोरं असत्यात. ती कशी वळखता? तोंड बघूनच की.’’

त्या दिवशी माझ्या फोनमध्ये चार फोटो होते. गावातल्या विहिरीत पोहायला शिकलेला माझा एक जुना विद्यार्थी आता अंदमानात स्कूबा डायव्हिंग शिकवतो. त्यानं पाण्याखाली काढलेले, हिरव्या कासवांच्या डाव्या गालांचे ते फोटो. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘सर, यातले दोन फोटो एकाच कासवाचे आहेत. कुठले ते सांगा.’ मी दोन दिवस बघत होतो, मला जमलं नव्हतं. मामांच्या हातात फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, चारही फोटो पुढं-मागं करून पाहिले आणि म्हणाले, ‘‘ही आन् ही एकच हाय. डोळ्याच्या मागं बगा की. हितं पाच कोनाचा तुकडा, त्याच्याखाली दोन बारके, आन् त्यांच्या मधी घुसलेला तिसरा. हिच्यात बी तसंच. बाकीच्या दोघींचं येगळं हाय.’’ मग फोन परत देता देता विचारलं, ‘‘हे आमे समुद्रातलं का ओ?’’ गाव आमचं सीमेवरचं. कानडीत कासवाला आमे म्हणतात आणि मामांच्या बोलण्यात दोन्ही भाषा एकाच वाक्यात येऊन जातात.

उत्तर अगदी बरोबर होतं. त्या दोन फोटोंमध्ये अकरा महिन्यांचं अंतर होतं.

मामांनी दोन मिनिटांत जे केलं, तेच काम जगभरातले कासवांचे अभ्यासक पाणबुड्यांच्या मदतीनं करत आहेत. समुद्रापासून एवढ्या लांब, कोरड्या मुलखात राहून मी या विषयाच्या मागं का लागलो, असं मला विचारतात. त्याचं कारण त्या दुपारी आहे. जंगली जनावराला चेहरा असतो आणि तो साध्या माणसाच्या नजरेला वाचता येतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

समुद्री कासवाची अडचण अशी, की ते आपल्याला फार थोडा वेळ दिसतं. कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ मध्ये वेळासला या अंड्यांच्या रक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं गावंच्या गावं त्यात उतरली. अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचवायची, किनाऱ्यावरच कुंपण घालून वाळूत पुन्हा पुरायची, पिल्लं बाहेर आली की पाण्याकडे सोडायची. असं करता करता वेळासचा कासव महोत्सव पाहायला मुंबई-पुण्याची माणसं येऊ लागली.

कासवीण ज्या किनाऱ्यावर जन्मली, त्याच्याच आसपास अंडी घालायला येते. आपल्याकडे लेकीनं बाळंतपणाला माहेरी यावं तसंच हे. पण हे माहेरपण मोजून तासाभराचं. रात्री वाळूवर चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगानं दाबते आणि निघून जाते. तिचं सगळं आयुष्य सासरी, म्हणजे पाण्यात. नराचं तर विचारूच नका. पिल्लू म्हणून वाळूतून निघून एकदा लाटेत शिरला, की तो सहसा जन्मात परत जमिनीवर येत नाही. म्हणजे किनाऱ्यावर बसून आपण कितीही निगुतीनं नोंदी ठेवल्या, तरी त्या फक्त माहेरवाशिणींच्या नोंदी. नर त्यात नाहीत, अर्धी वाढलेली पोरं नाहीत, ज्या माद्या यंदा आल्याच नाहीत त्याही नाहीत. समुद्रात एकूण किती, कुठं आणि कशा स्थितीत आहेत, याचं उत्तर पाण्यात शिरल्याशिवाय मिळत नाही.

माणसानं आधी दुसरा मार्ग धरला. आमच्या गोठ्यातल्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला आहे. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर तिच्या लसीपासून विक्रीपर्यंतची नोंद होते. कासवांना लावलेल्या पहिल्या गाजलेल्या बिल्ल्यांचं नातंही गोठ्याशीच आहे. आर्ची कार या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १९५५ पासून कोस्टारिकातल्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर हिरव्या कासवांवर खुणा करायला सुरुवात केली. आधी त्यानं पाठीच्या ढालीला भोक पाडून तारेनं चकत्या बांधून पाहिल्या. मीलनाच्या वेळी नर पाठीवर चढले की त्या निघून जात. मग त्यानं गुरांच्या कानात घालायचे धातूचे बिल्ले आणले आणि ते कासवाच्या पुढच्या, वल्ह्यासारख्या पायाच्या कडेला बसवले. बिल्ल्यावर क्रमांक, विद्यापीठाचा पत्ता आणि पाठवणाऱ्याला बक्षीस मिळेल असा मजकूर. बिल्ले परत येऊ लागले, त्यातले पुष्कळ निकाराग्वाच्या मच्छीमारांकडून. त्यावरून कासवं तोर्तुगेरोला अंडी घालून चरायला कुठं जातात हे कळलं. पण ते कळलं बहुतेक वेळा कासव मांसासाठी मारलं गेल्यावर. पत्र यायचं ते मेलेल्या जनावराचं.

जिवंतपणी असा निरोप मिळणं किती मोलाचं, ते आपल्याच किनाऱ्यानं अलीकडे दाखवून दिलं. २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडलेच्या पायावर बिल्ला दिसला, क्रमांक ०३२३३. तो भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या बासुदेव त्रिपाठी यांच्या चमूनं १८ मार्च २०२१ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर लावला होता. ओडिशात ऑलिव्ह रिडले हजारोंच्या संख्येनं एकदम अंडी घालतात आणि पूर्वेकडची कासवं ती पूर्वेकडची, पश्चिमेकडची ती पश्चिमेकडची, असं बरेच जण धरून चालले होते. ही कासवीण ओडिशाहून, बहुधा श्रीलंकेला वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर कापून गुहागरच्या वाळूवर आली होती. पाच आकड्यांच्या एका पत्र्यानं दोन समुद्र जोडले.

तरी त्या चार वर्षांत ती कुठं होती, हे बिल्ला सांगत नाही. बिल्ला फक्त दोन टोकं दाखवतो, मधला रस्ता नाही. तो रस्ता कळावा म्हणून महाराष्ट्र वनविभागाच्या कांदळवन प्रतिष्ठाननं आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं २०२२ मध्ये कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेवर हा प्रयोग पहिलाच, म्हणून वेळासच्या पहिलीचं नाव प्रथमा. मग आंजर्ल्याची सावनी, आणि रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री दक्षिणेकडे निघाली ती कन्याकुमारी आणि श्रीलंका मागं टाकत बंगालच्या उपसागरात शिरली. तिचा नकाशावरचा तांबडा धागा मी माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवला होता. मुलं रोज विचारायची, आज बागेश्री कुठं?

पण एकेका यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते आणि ते पाठीवर टिकतं महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. साधे बिल्लेही गळतात. गंजतात, कशाला तरी घासून निघतात, किंवा पायाची कड झिजते आणि त्यासकट जातात. कातडीखाली सुईनं सोडायची तांदळाएवढी चिप असते, ती टिकाऊ. पण ती वाचायला यंत्र कासवाच्या अंगाशी न्यावं लागतं. आणि यातलं काहीही करायचं तर आधी कासव हातात सापडलं पाहिजे. सापडतात त्या पुन्हा किनाऱ्यावर आलेल्या माद्याच.

बिल्ला गळण्यानं हिशेब कसा बिघडतो, हे मी मुलांना ज्वारीवर करून दाखवतो. घरी कुणीही करून पाहावं. किलोभर ज्वारी घ्यायची. तिच्यातले मोजून २०० दाणे हळदीच्या पाण्यात रंगवून, वाळवून परत मिसळायचे. चांगलं हलवायचं. मग डोळे मिटून ५०० दाणे काढायचे. समजा त्यात चार पिवळे निघाले. म्हणजे काढलेल्या १२५ दाण्यांमागे एक पिवळा. सगळे पिवळे २००, तर एकूण दाणे २०० गुणिले १२५, म्हणजे २५,०००. एकेक दाणा न मोजता अंदाज आला. जंगलातल्या वाघांपासून तळ्यातल्या माशांपर्यंत मोजदादीच्या अनेक रीती याच हिशेबावर उभ्या आहेत. आता समजा हळद कच्ची होती आणि निम्म्या दाण्यांवरून ती उतरली. तेच ५०० दाणे काढले तर पिवळे दोनच दिसतील आणि उत्तर येईल ५०,०००. ज्वारी तेवढीच, आकडा दुप्पट. कासवांच्या बाबतीत ही चूक धोक्याची आहे. जनावरं कमी होत असताना कागदावर ती भरपूर दिसतात आणि सगळे निर्धास्त राहतात. म्हणून खूण अशी हवी, जी गळणार नाही.

ती कासवाच्या गालावर जन्मापासूनच असते.

आपल्या देवळात नंदीसमोर दगडी कासव असतं. आत जाताना आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. कासव म्हटलं की मान आणि पाय आत ओढून घेणारं जनावर डोळ्यांसमोर येतं. गीतेतही इंद्रियं आवरणाऱ्या माणसाला तीच उपमा दिली आहे. पण समुद्री कासवाला हे जमत नाही. पोहण्यासाठी त्याचं अंग असं चपटं आणि निमुळतं घडलं आहे, की मान ढालीच्या आत जाऊच शकत नाही. त्याचा चेहरा कायम बाहेर, उघडा. पाणबुड्याच्या कॅमेऱ्याला हे फार सोयीचं पडतं.

गाल जवळून पाहा. आमच्याकडे अंगणात शहाबादी फरशी असते. तिचे फुटके तुकडे कुणी टाकून न देता सांधे भरून बसवले, की जी नक्षी तयार होते, तसा हिरव्या कासवाचा गाल दिसतो. मधे तपकिरी-काळपट खवले, त्यांच्या कडांना फिकट पिवळे सांधे. डोळ्याच्या मागच्या कडेला चिकटलेली एक रांग, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. कुठला खवला चार बाजूंचा, कुठला सहा बाजूंचा, कुठे दोन मोठ्यांच्या मधे एक पिटुकला अडकलेला. डाव्या गालाची नक्षी उजव्या गालासारखी नसते आणि एका कासवाची दुसऱ्यासारखी नसते. वर्षं गेली तरी ही मांडणी बदलत नाही. ज्यांच्या पायाला बिल्ले होते अशा कासवांचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो ताडून अभ्यासकांनी याची खात्री करून घेतली आहे.

रीयुनियन बेटावरच्या केलोनिया या केंद्रातल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये ही नक्षी आकड्यांत लिहायची एक रीत मांडली. प्रत्येक खवल्याला तीन आकडे: डोळ्यापासून कितवी रांग, रांगेतला कितवा खवला, त्याला बाजू किती. पहिल्या रांगेतला पहिला खवला पाच बाजूंचा असेल तर ११५. त्याच्या शेजारचा सहा बाजूंचा असेल तर १२६. असा सगळा गाल आकड्यांच्या ओळीत उतरतो आणि संगणक हजारो ओळींतून जुळणारी ओळ काढून देतो. मामांनी ‘पाच कोनाचा तुकडा, त्याच्याखाली दोन बारके’ म्हटलं, ते याच पद्धतीचं बोली रूप होतं.

आता आकडे मांडायचीही गरज उरलेली नाही. संगणक थेट चित्रांवरूनच जुळणी सुचवतो. त्यातल्या एका रीतीचा उगम तर आकाशात आहे. हबल दुर्बिणीच्या चित्रांतले तारे एकमेकांशी जुळवायला खगोलशास्त्रज्ञ जे गणित वापरत, तेच घेऊन २००५ मध्ये व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके जुळवले गेले. त्या कामातून ‘वाइल्डबुक’ नावाची व्यवस्था उभी राहिली आणि पुढं तिच्यात कासवंही आली. तरी शेवटचा निवाडा माणसाचाच असतो. संगणक दहा चेहरे पुढं करतो, आणि त्यातला कुठला खरा ते माणूस डोळ्यांनी ठरवतो.

सगळ्या जातींना एकच रीत लागू पडत नाही. कातडी पाठीच्या लेदरबॅक कासवाच्या गालावर असे खवलेच नसतात. त्याच्या डोक्यावर गुलाबी डाग असतो आणि त्या डागाचा आकार हीच त्याची ओळख. पोवळ्यांच्या खडकांत राहणारी चोचवाली हॉक्सबिल आणि समुद्री गवत चरणारी हिरवी कासवं मात्र या कामाला उत्तम. ती एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं राहतात, त्याच कपारीत झोपतात आणि पाणबुडेही तिथंच पुन्हा पुन्हा उतरतात.

या कामात मला सगळ्यांत जास्त आवडते ती मावी बेटावरची कहाणी. पीटर बेनेट आणि उर्सुला क्युपर-बेनेट हे कॅनडाचं जोडपं. व्यवसायानं शास्त्रज्ञ नव्हेत. १९८८ पासून ते दर उन्हाळ्यात हवाईतल्या होनोकोवाई इथं सुट्टीला जायचे आणि रोज पाण्यात उतरायचे. तिथं हिरवी कासवं दिसायची. त्यांनी फोटो काढले आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच चेहरे पुन्हा दिसल्यावर त्यांना नावं दिली, वह्या केल्या. त्या कासवांपैकी अनेकांना गाठींचा रोग होता. डोळ्यांवर, मानेवर, पायांच्या बेचक्यात फुलकोबीसारख्या गाठी वाढायच्या. हा रोग म्हणजे कासवाचा अंत, असंच मानलं जात होतं. बेनेट दांपत्यानं एकाच कासवाचे ओळीनं काही वर्षांचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि दिसून आलं, की काही कासवांच्या गाठी हळूहळू लहान होत जातात. १९९९ मध्ये जॉर्ज बालाझ या कासवतज्ज्ञासोबत त्यांनी हे पुराव्यानिशी प्रसिद्ध केलं.

इथं जरा थांबून पाहावं. नुसती मोजदाद केली असती, तर यंदा इतकी रोगी, गेल्या वर्षी इतकी, एवढंच हाती लागलं असतं. बरी झालेली कासवं निरोगींच्या आकड्यात गुपचूप मिसळून गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. हे तेच कासव, हे ठाऊक होतं म्हणूनच ते बरं झालं हे कळलं. दवाखान्यात पेशंटचा केसपेपर असतो, तसा त्या जोडप्यानं समुद्रातल्या जनावरांचा केसपेपर ठेवला होता.

आणि नरांचं काय? ग्रीसच्या झाकिन्थोस बेटाजवळ लॉगरहेड जातीच्या नर-माद्यांचा मागोवा फोटो आणि उपग्रह अशा दोन्ही मार्गांनी घेतला गेला. माद्या दोन-तीन वर्षांआड येतात, तर पुष्कळ नर दरवर्षी हजर असतात, असं त्यातून दिसलं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर वाळू तापली तर माद्याच जास्त निपजतात. पृथ्वी तापते आहे, तेव्हा पुढं नर पुरतील का, ही काळजी खरी आहे. दोन-तीन वर्षांआड येणाऱ्या माद्यांना दरवर्षी येणारे थोडे नर पुरू शकतात, हा दिलासा पाण्यात शिरून बघणाऱ्यांमुळेच मिळाला.

लक्षद्वीपची गोष्ट उलट्या बाजूची आहे. अगत्तीच्या उथळ, शांत पाण्यात हिरव्या कासवांची इतकी दाटी झाली की त्यांनी समुद्री गवताची कुरणं चरून उजाड केली. गवताच्या आडोशानं वाढणारे मासे घटले आणि मच्छीमार कासवांवर नाराज झाले. रोहन आर्थर, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं वर्षानुवर्षं हे मोजलं आहे. एका बेटाचं गवत संपलं की कासवं दुसऱ्या बेटाचं धरतात. ज्यांनी जनावरं चारली आहेत, त्यांना हे सांगायला नको. कळप कुठलं रान कधी सोडतो, ते मामांना पायाखालची वाट असल्यासारखं माहीत असतं. कासवांच्या बाबतीत ते कळायला चेहरे टिपून ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

विद्यार्थ्याला मी विचारलं, तू नेमकं काय करतोस? त्यानं सांगितलं ते असं. कासव दिसलं की आधी थांबायचं. समोरून किंवा वरून जायचं नाही, बाजूनं, सावकाश, अंतर राखून. त्याचा वर जायचा रस्ता कधी अडवायचा नाही, कारण त्याला श्वास घ्यायला पाण्यावर यावंच लागतं. घाबरून पळालेल्या कासवाची हवा लवकर संपते. प्रकाशाचा झोत डोळ्यांवर मारायचा नाही. गाल कॅमेऱ्याला सरळ समोर येईपर्यंत वाट बघायची, कारण तिरका फोटो खवल्यांचे कोन बदलून टाकतो. खोल पाण्यात लाल रंग विरतो आणि सगळं निळं दिसतं, पण त्यानं बिघडत नाही. नक्षी रंगावर अवलंबून नसते. जमलं तर दोन्ही गाल. मग तारीख, वेळ, जागा, खोली, अंगावर जखम, अडकलेली दोरी, गाठ, शिंपले. मोठ्या कासवाची शेपटी ढालीच्या मागं लांब आलेली असेल तर तो नर. आणि हात लावायचा नाही. समुद्री कासवांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. फोटोसाठी पाठीवर हात ठेवणं, पाय धरणं हा खेळ नाही.

महाराष्ट्रात हे व्हायला जागा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तारकर्लीला स्कूबाचं रीतसर शिक्षण मिळतं आणि मालवणच्या खडकांपाशी हंगामात रोज पर्यटक पाण्यात उतरतात. प्रत्येकाच्या हातात किंवा त्याच्या वाटाड्याच्या हातात कॅमेरा असतो. पाणी अंदमान-लक्षद्वीपइतकं नितळ नसतं, पावसाळ्यात सगळं बंद असतं, आणि मोकळ्या समुद्रात हिंडणारी ऑलिव्ह रिडले खडकांपाशी क्वचितच स्थिरावते. तिच्यासाठी बिल्ले आणि उपग्रहच राहतील. पण खडकाशी आलेलं हिरवं किंवा चोचवालं कासव दिसलं, तर तो फोटो पर्यटकाच्या मोबाइलमध्ये नुसता आठवण म्हणून पडून राहतो, याची मला हळहळ वाटते. हजारो गाल टिपले जातात आणि कुणाच्याच वहीत चढत नाहीत. शेजारच्या मालदीवमध्ये पाणबुड्यांच्या, पर्यटकांच्या फोटोंवरून हजारो कासवांची ओळखवही तयार झाली आहे. मालवणच्या मुलांना ते अवघड नाही. समुद्र त्यांच्याइतका कुणाला ठाऊक आहे?

वारकरी संतांच्या वाणीत कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते, असा दृष्टान्त येतो. आमच्या घरी आजी तो कीर्तनात ऐकून आली की सांगायची. खरी समुद्री कासवीण वाळू लोटून गेली की मागं वळूनही बघत नाही. पिल्लं एकटीच निघतात. पण तो दृष्टान्त मला अलीकडे पुन्हा पुन्हा आठवतो. विद्यार्थी म्हणतो, ‘सर, वर्षभर एखादी दिसली नाही की चुकल्यासारखं होतं.’

मामांचा कळप चैत्रात पुढं गेला. जाताना त्यांनी विचारलं होतं, ‘‘ती तुमची पाच कोनवाली दिसली का पुन्हा?’’ मी विद्यार्थ्याला कळवलं. पाऊस लागायच्या आधी त्याचा एक फोटो आला. तीच जागा, तोच खडक, तेवढ्याच आकाराची मादी. डोळ्यामागची नक्षी अगदी स्पष्ट. मी आधीचे दोन्ही फोटो काढून शेजारी धरले आणि मग लक्षात आलं, की नवा फोटो उजव्या गालाचा आहे. आधीचे दोन्ही डाव्या. जुळवायला काहीच नाही. ती तीच असेल, नसेलही. वहीत तिला तूर्त वेगळा क्रमांक मिळाला आहे.

मामांना फोन करून सांगितलं. ते पलीकडच्या तालुक्यात कुणाच्या तरी रानात होते, मागं मेंढरांचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग पुढच्या टायमाला दोन्हीकडनं काढ म्हणावं की पोराला. आन् काढला की मला दाखवा.’’